धार आणि कोन

मालवणच्या किनाऱ्यावरील कोणत्याही घरी जा. स्वयंपाकघरात विळी आणि पडवीत कोयता ही दोन हत्यारे हमखास आढळतील. विळीवर बांगडा कापला जातो, कोयत्याने शहाळे तासले जाते. परंतु हत्याराचे खरे बळ त्याच्या लोखंडात नसून त्याच्या धारेत असते. बोथट कोयत्याला अधिक जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो गुळगुळीत नारळावरून निसटून हातावर येतो. उंच माडाच्या शेंड्याशी एका हाताने आधार धरून बसलेल्या माणसाच्या हाती असा कोयता असेल, तर केवढा कठीण प्रसंग ओढवेल! म्हणून माडावर चढणारा मनुष्य आधी कोयत्याची धार पाहतो आणि मगच झाडाला हात लावतो.

धार म्हणजे तरी काय? पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथे मिळतात, ती रेषा म्हणजे धार. वापराने ही रेषा झिजते, वाकते, गोलसर होते. दोन्ही बाजू घासून त्या पुन्हा नेमक्या एका रेषेत मिळवणे म्हणजेच धार लावणे. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात : पोलादाहून कठीण पदार्थ आणि न बदलणारा कोन.

पहिली गोष्ट आपल्या पायांखालीच आहे. फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची श्रेणी लावली. तीत हिऱ्याला १० आणि गारगोटीला ७ हा क्रमांक आहे. कोयत्याचे पोलाद सामान्यतः गारगोटीहून मऊ असते. म्हणून गारगोटीच्या कणांची बारीक रेती धुऊन, गाळून सपाट लाकडी फळीवर पसरली, की घरच्या घरी धार लावण्याचे साधन तयार होते. रेती मात्र ओली ठेवावी. तिची कोरडी धूळ श्वासाबरोबर आत गेल्यास फुप्फुसांना अपाय होतो.

दुसरी गोष्ट कोनाची. तीसाठी चौकोनी कागदाचा एक कोपरा घ्या. तो नव्वद अंशांचा असतो. त्याची दुहेरी घडी घातली, की पंचेचाळीस अंश होतात. आणखी एक घडी घातली, की साडेबावीस. या मापाची लाकडी पाचर करून घेतली, म्हणजे पाते फळीशी किती तिरपे धरावे हे कळते. सुरीला याहून थोडा लहान कोन चालतो. कोयत्याला मात्र इतका तरी हवाच, कारण फार नाजूक धार कठीण करवंटीवर मोडते. घासण्यापूर्वी धारेच्या उतारावर शाई लावावी. जेथे शाई उरेल, तेथे कोन चुकला असे समजावे.

पात्याला खाचा पडल्या असतील, तर प्रथम कानस वापरावी. कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना ती उचलून घ्यावी. अखेरीस काठावर उभी राहिलेली बारीक मुरड हलक्या हाताने घालवावी. धारेची परीक्षा बोटाने नव्हे, कागद कापून करावी. मग पाते कोरडे करून त्याला खोबरेल लावावे. नाहीतर खारा वारा त्यावर लवकर गंज चढवतो. मुलांनी हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

हा नियम केवळ कोकणापुरता नाही. काश्मीरमधील गुलमर्ग येथे बर्फावरून घसरण्यासाठी पायांना लांब पट्ट्या बांधतात; त्यांना स्की म्हणतात. स्कीच्या कडांना पोलादी धार असते. ती बोथट झाली, तर कठीण बर्फावर वळणे आणि थांबणे अवघड होते. तेथेही हौशी खेळाडू लाकडी ठोकळ्याला कानस बांधून कोन राखतात. त्या धारेचा कोन नव्वद अंशांहून थोडासाच कमी असतो. काम निराळे म्हणून कोन निराळा. पण कोन ढळू न देण्याची दक्षता तीच.

धार बळाने येत नाही, ती स्थिर हाताने येते. घाईने शंभर वेळा घासण्यापेक्षा एका कोनात दहा वेळा घासलेले अधिक उपयोगी पडते. ज्याला हे उमगले, त्याला कोणतेही काम मन लावून करण्याचे मर्म उमगले, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वाध्याय
१. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा अधिक धोक्याचे का असते?
२. कागदाच्या घड्यांनी साडेबावीस अंशांचा कोन करून दाखवा.
३. तुमच्या घरी धार लावण्यासाठी कोणती साधने वापरतात, ते विचारून पाच ओळी लिहा.