पाठ करणं आणि पाठ होणं



आजचं वाचन : ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ, अभंग पहिला.

देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्याचं मोल सांगणारा हा अभंग मी कितीदा तरी म्हटला असेन. पण त्याचा अर्थ गेल्या आषाढीला मला माझ्या सात वर्षांच्या लेकीकडून कळला.

आम्ही पुण्यात राहतो. मूळ गाव बीड जिल्ह्यात, नारायणगडाजवळ. नगद नारायण महाराजांचं हे स्थान. आमच्याकडे गडाला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला पंढरपूर गाठणं जमलं नाही की माणसं गडावर येतात.

गावी जायच्या आधी दोन महिने मी लेकीकडून हरिपाठ पाठ करून घेत होतो. फ्रिजवर चार्ट लावला. अभंग आला की स्टार, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. नऊ अभंग झाले. गावी पाहुण्यांसमोर मी कौतुकानं म्हटलं, "म्हण गं." दुसऱ्याच अभंगाला ती अडकली. मी ओळ सांगितली, ती परत अडकली. मग रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मला हरिपाठ नाही आवडत."

त्या रात्री झोप लागली नाही. जे नाम तिला जन्मभर सोबत करावं म्हणून माझी धडपड चालली होती, त्याचीच मी तिला धास्ती लावली होती.

सकाळी आईजवळ बसलो. आई शाळेत गेलेली नाही, पण सत्तावीस अभंग तोंडपाठ. विचारलं, "तू कसा पाठ केलास?"

"केला नाही रे, झाला. दिवा लागला की अण्णा म्हणायचे, आम्ही मागं म्हणायचो. चुकलं तर कुणी थांबायचं नाही. पुढची ओळ धरायची." मग हळूच म्हणाली, "तुला किती येतात?"

पुस्तकाशिवाय मला चार येत होते.

संध्याकाळी गडावर हरिपाठ सुरू झाला. टाळ वाजायला लागले. तुम्हाला माहीत असेल, पहिल्या अभंगातलं ध्रुवपद पुढच्या प्रत्येक अभंगानंतर सगळे मिळून म्हणतात. तिसऱ्या अभंगापर्यंत लेक ते मोठ्यानं म्हणत होती. तिला कुणी "म्हण" म्हटलं नव्हतं. ज्याला काहीच येत नाही त्यालाही हरिपाठात एक ओळ आहे. तेच ते दार. आधी सगळं पाठ करून ये, असं तिथे कुणी म्हणत नाही.

तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तेरा दिवसांनी वर आली, ही कथा आपण ऐकतो. ती गाथा लोकांच्या ओठांवर तरली, असाही तिचा अर्थ लावतात. ते ओठ परीक्षेसाठी तयार झालेले नव्हते.

आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत १९१७ पासून विद्यार्थी रीतसर अध्ययन करतात, तिथे पाठांतराला शिस्त हवीच. घराचं काम वेगळं आहे. आम्ही घरी एवढंच बदललं :

१. वेळ एकच, दिवेलागणीची. उशीर झाला तर एकच अभंग, पण खाडा नाही.

२. आधी फक्त ध्रुवपद मुलांचं, बाकीचं आपण म्हणायचं. ओळी आपोआप त्यांच्या तोंडी येतात.

३. आठवड्याला एक नवा अभंग. या हिशोबानं सत्तावीस अभंगांना साधारण सहा महिने लागतात. लागू देत.

४. चाल रोज तीच. मुलं शब्द विसरतात, पण चालीवरून ते परत आठवतात.

५. म्हणताना चूक काढायची नाही. चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी आपणच स्पष्ट म्हणायचा.

६. अर्थ रोज एकाच शब्दाचा, तोही तिनं विचारला तर.

७. पुस्तक आपणही मिटायचं. हे मला सगळ्यात जड गेलं.

चार्ट काढून टाकलाय. पाहुणे आले तरी तिला म्हणायला सांगत नाही. ते आमच्यासोबत बसले तर बसतात.

परवा सहाव्या अभंगात मीच अडकलो. ती थांबली नाही. मी पुढची ओळ धरली.

आज संध्याकाळी दिवा लावल्यावर मुलांना जवळ घ्या आणि एक अभंग तुम्ही म्हणा. ऐकणारं कुणी आहे, एवढं पुरे.

रामकृष्णहरी.