जखमेवरचा दगडी पाला

राजोडीत वाडीच्या बांधावर, विहिरीच्या कठड्याशी, रस्त्याच्या कडेला बारा महिने फुललेली एक लहानशी वनस्पती आपण रोज तुडवतो. मधोमध पिवळे आणि भोवती चार-पाच पांढुरक्या पाकळ्या असे तिचे फूल. कोणी तिला एकदांडी म्हणते, कोणी कंबरमोडी, तर बहुतेक जण दगडी पाला. खरचटले की पाने चुरगाळून रस जखमेवर पिळायचा, हे आपण सर्वांनी लहानपणी केले आहे. मीही केले आहे.

गेल्या पावसाळ्यात एक बागायतदार काका लंगडत माझ्याकडे आले. केळीला भर देताना कुदळ अंगठ्याला लागली होती. ‘‘पाला लावला डॉक्टर, रक्त लगेच थांबलं,’’ ते म्हणाले. त्याला चार दिवस झाले होते. चिंधी सोडली तर आत कुजलेला पाला आणि त्याखाली पू. काकांना मधुमेह, पाय बधिर. त्यामुळे दुखणे जाणवलेच नाही. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, तेही आठवेना. तीन आठवडे मलमपट्टी करावी लागली. अंगठा वाचला, हे नशीब.

आता या वनस्पतीची ओळख करून घेऊ. तिचे शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर पसरणारी. खोड मातीवर लोळते आणि पेरांपाशी मुळे धरते. फुलाचा दांडा मात्र एकटा ताठ उभा राहतो, म्हणून ती एकदांडी. झेंडू, शेवंती, सूर्यफूल हे तिचे भाऊबंद. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. प्रत्येक बीला केसांची छत्री असते, त्यामुळे ते वाऱ्यावर दूर जाते. फुलपाखरांचे हे आवडते फूल आहे.

हे तण मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. म्हणजे चरक-सुश्रुतांच्या काळी ते आपल्याकडे नव्हते. ‘पूर्वापार चालत आलेले औषध’ म्हणून आपण ज्यावर विसंबतो, ते तसे नवखेच आहे.

मग पाल्यात गुण नाही का? उंदरांवरील काही प्रयोगांत पानांच्या रसाने जखम भरण्यास मदत झाल्याचे दिसले आहे. पण प्रयोगशाळेत तयार केलेला अर्क वेगळा आणि बांधावरचा, गुरांनी तुडवलेला पाला वेगळा. शिवाय लहान जखमेचे रक्त नुसते दाबून धरले तरी काही मिनिटांत थांबते. श्रेय पाल्याला मिळते, काम बोटाच्या दाबाचे असते!

धोका आहे तो पानाला चिकटलेल्या मातीत. धनुर्वाताचे जंतू माती व शेणात सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकतात. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात आणि विष तयार करतात. जखमेत पाला कोंबून वर चिंधी आवळली की त्यांची सोयच होते. साधारण ३ ते २१ दिवसांत जबडा आखडतो, गिळता येत नाही, अंगाला झटके येतात. तोवर जखम वरून सुकलेलीही असू शकते.

म्हणून एवढे करा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा. स्वच्छ कापड १० मिनिटे दाबून धरा. मधे उचलून पाहू नका. रक्त थांबले नाही, तर दाब न काढता दवाखाना गाठा. जखम खोल किंवा मातीने मळलेली असेल आणि शेवटच्या लशीला ५ वर्षे झाली असतील, तर लस घ्या. साध्या स्वच्छ जखमेसाठी ही मुदत १० वर्षांची आहे. पूर्वीच्या टीटीऐवजी आता टीडी ही लस देतात; तिने घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. लहानपणीचे डोस झालेच नसतील किंवा आठवत नसतील, तर मळलेल्या जखमेसाठी लशीसोबत तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही लागते. मधुमेह असलेल्यांनी पायाची जखम कितीही किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी दाखवावी.

काका परवा पुन्हा आले होते, नातवाला घेऊन. त्याच्या गुडघ्याला खरचटले होते. गुडघा साबणाने स्वच्छ धुतलेला होता आणि पोराच्या हातात एकदांडीचे फूल होते. ते तिथेच शोभते.