ठिणगी अडते, धग अडत नाही

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. तिथल्याच एका घरी वीज गेलेली, सिलिंडर संपलेला. सरपण मात्र दारातच पडलेलं. गोठ्यातली जुनी बिडाची चूल चौघांनी उचलून पडवीत आणली.

पडवीची मातीची जमीन भिजून मऊ झाली होती. चुलीचे पाय रुतू नयेत म्हणून गवंड्याने स्लॅबच्या कामातलं प्लायवूड अंथरलं, त्यावर वादळात उडालेला पत्रा ठोकला आणि निखाऱ्यांसाठी तोच तोंडापुढे हातभर वाढवला. दिसायला काम चोख होतं. एका रात्री मात्र विझलेल्या चुलीखालून धूर येऊ लागला. पत्रा उचकटला, तर प्लायवूड कोळसा होऊन धुमसत होतं. पाणी कडेकडेनेच सोडलं. तापल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं.

पत्रा ठिणगी अडवतो, पण धग त्यातून खाली उतरते. शिवाय रोज तापणारं लाकूड आतून करपत जातं आणि पुढे कमी उष्णतेवरही पेट घेतं.

म्हणून अशी तात्पुरती सोय करताना चुलीखाली जळणारं काहीही ठेवू नका. चिखल काढून खडी ठोकून बसवा आणि तिच्यावर जांभ्या चिऱ्यांचे दोन थर सांधमोड करून रचा. वजनही पसरतं, धगही वरच राहते. चिरे कोरडे हवेत. ओला दगड एकदम तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊन कपचे उडतात. सुरुवातीला आच मंदच ठेवा. समतल करायला समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि बीड गंजतं. फुटके सिमेंटचे पत्रे फुकट मिळाले तरी वापरू नका; जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक.

चुलीच्या तोंडापुढे हा चिऱ्यांचा ओटा किती वाढवायचा? अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे मानक शेगडीच्या दारापुढे किमान १८ इंच न जळणारी जमीन सांगतं. पण ते बंद दाराच्या शेगडीसाठी. आपल्याकडे पोफळीचं लांब लाकूड अर्धं बाहेर ठेवून आत सरकवत जातात, करवंटीचे निखारे घरंगळतात. तेव्हा लाकडाचं बाहेरचं टोकही ओट्यावरच राहील एवढी लांबी हवी. कडेला विटेची उभी पाळ घाला.

छपराच्या जागी ताडपत्री बांधली असेल, तर तिच्याखाली चूल पेटवू नका आणि चारी बाजू बंद करून तर मुळीच नको. कोंडलेला धूर जीव घेतो. माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर जड चूल वर नेऊच नका.

चार दिवसांसाठीच तर आहे, असं गवंडी म्हणाला तरी खाली काय घालतोय ते स्वतः उभं राहून बघा.