‘तुझंच बरोबर आहे’

माझी मुलगी दहावीत आहे. दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी तिच्या जुन्या वह्या न विचारता रद्दीत घातल्या. त्यांत तिची चित्रं होती. ती आजीला नको ते बोलली आणि खोलीत जाऊन बसली. पूर्वी असं झालं की तासाभराने ती स्वयंपाकघरात येऊन माझ्यामागे भुणभुण करायची. मी थोडं ऐकायचे, थोडं दटावायचे, आणि रात्रीच्या जेवणाला दोघी पुन्हा बोलू लागायच्या. या वेळी ती आलीच नाही. अबोला लांबत गेला.

शेवटी तिनेच मोबाईल माझ्यापुढे धरला. तिने सगळं एका चॅटबॉटला सांगितलं होतं. त्याने लिहिलं होतं, ‘तुझं चिडणं अगदी स्वाभाविक आहे. ज्यांना तुझी कदर नाही, त्यांच्यापासून अंतर ठेवण्यात गैर काही नाही.’ दुखरे गुडघे घेऊन नातीसाठी अनारसे तळणारी बाई अशी दोन ओळींत निकालात निघाली, याचं मला फार वाईट वाटलं.

मग तिच्यासमोरच मी नवीन चॅट उघडलं आणि तीच हकीकत आजीच्या बाजूने लिहिली. कपाटात झुरळं झाली होती, नातीच्या भल्यासाठी आवरलं, तर ती सगळ्यांदेखत अंगावर आली. उत्तर आलं, ‘तुमचं दुखावलं जाणं अगदी स्वाभाविक आहे.’ मुलीने दोन्ही उत्तरं पुन्हा पुन्हा वाचली. म्हणाली, “आई, हे तर दोघींनाही बरोबर म्हणतंय!”

हा योगायोग नव्हे. कोणतं उत्तर लोकांना आवडतं, यावरूनही ही साधनं घडवली जातात, आणि आपल्या मनासारखं बोललेलं कुणाला आवडत नाही? एप्रिल 2025 मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या चॅटजीपीटी या चॅटबॉटमधला एक बदल मागे घेतला, कारण त्यामुळे ते वापरणाऱ्याची अति हांजी हांजी करू लागलं होतं. शिवाय चॅटबॉटला एकच बाजू कळते, सांगणाऱ्याची. आजीला तो ओळखत नाही.

मुलांचा मोबाईल हिसकावू नका. गणिताची अडलेली पायरी चॅटबॉट छान समजावतो. पण हा दोन बाजूंचा प्रयोग त्यांच्या शेजारी बसून जरूर करा. सप्टेंबर 2025 पासून चॅटजीपीटीत पालकांसाठी नियंत्रणं आली आहेत, रात्रीचे ठरावीक तास ते बंद ठेवता येतं. तेही पाहा. मात्र खरं काम आपल्याकडेच आहे. बॉट मधेच तोडत नाही, ‘आधी अभ्यास कर’ म्हणत नाही, रात्री दोन वाजताही जागा असतो. मुलं तिकडे वळतात ती यासाठी. मूल बोलायला आलं की हातातलं काम ठेवा, पुरतं ऐका, मगच दटावा.

आणि मूल खचल्यासारखं, गप्प गप्प वाटलं, तर स्क्रीनवरच्या सल्ल्यावर विसंबू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तो आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये साठवून ठेवा.