पोकरमध्ये करिअर? आधी हिशेबाची वही दाखव

बारावीचा निकाल लागला की ठरलेले प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं त्यांत एकाची भर पडली आहे: “मुलगा म्हणतो, प्रोफेशनल पोकर खेळणार. काय करू?” इंजिनीअरिंग, सीए, नीट यांवर पुष्कळ लिहून झालं, आज एवढ्यावरच.

मुलांना ख्रिस मनीमेकर तोंडपाठ असतो. अमेरिकेतल्या टेनेसीचा हा हिशेबनीस २००३मध्ये शंभर डॉलरच्या आतल्या फीच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’पर्यंत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. स्टू अंगरचं नाव मात्र कुणी काढत नाही. तीच मुख्य स्पर्धा त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा मारली. तिसऱ्या वेळची १० हजार डॉलरची फी दुसऱ्याने भरली होती. पुढच्याच वर्षी तो वेगासच्या एका मोटेलात मेला, तेव्हा हाती जवळपास काही उरलं नव्हतं. व्यसनं होतीच, पण जिंकलेला पैसा इतर जुगारांतही गेला.

पोकरमध्ये कौशल्य लागतं, यात वाद नाही. पण ते दिसायला हजारो डाव जावे लागतात. चांगला खेळाडूही महिनोन्‌महिने हरतो. तेवढा काळ घरखर्च आणि खेळायचं भांडवल वेगवेगळं हवं. शिवाय टेबल चालवणारा डावांतून आपला वाटा, म्हणजे रेक, कापतो. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्यानंतर पैशांवरचं ऑनलाइन पोकर देशात थांबलं. म्हणजे मुलं जिथे थोडक्या पैशांत शिकायची ती जागाच गेली. उरलं मुख्यतः गोवा. तिथल्या कॅसिनोत २१ वर्षांखाली प्रवेश नाही, आणि जिंकलात तर ३० टक्के कर. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

आता पालकांनो, तुमच्याकडे. ‘जुगार’ म्हणून ओरडणारे तुम्हीच मुलाला यूपीएससीला बसवता. हजारेक जागा, दहा लाखांच्या आसपास अर्ज, क्लासच्या फीसाठी काढलेलं कर्ज. निवड होण्याची शक्यता किती, हे तिथे कधी विचारलंत? पोरगं निदान शक्यता मोजतंय. मोबाइल हिसकावलात तर ते चोरून खेळेल, दुसरं काही होणार नाही. त्याच्याकडे वही मागा: तारीख, किती लावले, किती परत आले, किती तास गेले. वही नसेल तर करिअरची चर्चा तिथेच संपली. उधारी निघाली तर माझ्याकडे येऊ नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

वही नीट निघाली तर मी ॲक्चुअरीचं नाव घेतो. विम्याचा हप्ता किती असावा, पेन्शनसाठी आज किती रक्कम बाजूला ठेवावी, हे शक्यता मोजून ठरवणारा माणूस. मराठी घरांत हे नाव निघतच नाही, याचा मला राग येतो. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. पुढचे पेपर संख्याशास्त्राच्या बीएस्सीबरोबर देत राहता येतात. पेपर अवघड असतात, वर्षं लागतात, नापास होणं नेहमीचं. पण गेली तर परीक्षेची फी जाते.

गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाला मात्र हे सुचवू नका. त्याला पोकरही येत नसणार, पोकरच्या रील्स आवडत असणार.