वत्सगुल्माचे कागद

वसंत : आबाजी, आज वाशीमच्या तहसील कचेरीच्या आवारात बसलो असता ‘कागद’ हा एकच शब्द इतक्या निरनिराळ्या अर्थांनी कानी पडला की मी चकित झालो. एक जण शेताचा कागद करून आला होता, दुसऱ्याचा कागद काही केल्या निघत नव्हता आणि तिसरा सर्व कागद घेऊन वकिलाकडे निघाला होता. या सर्वांना कागद म्हणजे नेमके काय अभिप्रेत असते?

आबाजी : दाखला, वसंता. कागद करणे म्हणजे खरेदीखत किंवा गहाणखत नोंदवून घेणे. कागद निघणे म्हणजे सरकारी दप्तरातून नक्कल हाती पडणे. गाव नमुना सात, ज्यात जमिनीवरील हक्क लिहिलेले असतात, आणि नमुना बारा, ज्यात पिकांची नोंद असते, यांची जोड म्हणजे आपला सातबारा. आणि आपल्या वऱ्हाडात जातीचा दाखला काढावयाचा झाला म्हणजे आजोबा-पणजोबांच्या जन्ममृत्यूची नोंद असलेल्या कोतवाल बुकाची नक्कल मागतात, तीही कागदच.

वसंत : पण दाखल्याला कागद म्हणावयाचे, तर कागद या देशात येण्यापूर्वी दाखला कशाला म्हणत असत?

आबाजी : त्याचे उत्तर आपल्याच गावाने दिलेले आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. चौथ्या शतकातील दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी येथून दिलेला ताम्रपट १९३९ मध्ये येथेच सापडला. त्यात नांदेडकडील भागातले एक गाव ब्राह्मणांना दान दिले आहे. राजवंशाची परंपरा संस्कृतात सांगून दानाचा प्रत्यक्ष तपशील मात्र प्राकृतात लिहिला आहे, आणि त्या तपशिलात गावातून फुले व दूध घेऊ नये, सैनिकांनी गावात प्रवेश करू नये, अशा सवलती एकामागून एक मोजल्या आहेत. ज्यांच्या नित्य जीवनाशी या सवलतींचा संबंध होता त्यांना त्या समजाव्यात म्हणूनच लोकभाषेचा आश्रय केला असावा, असे मला वाटते. पदार्थ तांब्याचा, परंतु काम सातबाऱ्याचे.

वसंत : मग प्रत्यक्ष कागद आपल्याकडे केव्हा रुळला?

आबाजी : चीनमधून मध्य आशियात व तेथून इराणी जगात गेलेली ही विद्या मुसलमानी राजवटींबरोबर दक्षिणेत स्थिरावली. फारसीतील ‘कागज’ आपल्याकडे ‘कागद’ झाला, आणि त्याच्या मागोमाग दप्तर, दस्त, नक्कल, जमाबंदी हेही शब्द आले. दौलताबादेजवळ कागदीपुरा हे कागद करणाऱ्या कारागिरांचे गाव आजही आहे. चिंध्या व ताग कुटून केलेला लगदा साच्यावर घ्यावयाचा, ताव वाळवावयाचा, त्याला खळ द्यावयाची आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचा, म्हणजे त्यावर बोरू अडखळत नाही. लिहिण्यात चूक झाली तर ती अक्षरे पिवळ्या हरताळाने झाकीत. एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासणे’ ते तेथूनच आले.

वसंत : म्हणजे कागदाचा मुख्य उपयोग हक्क सांभाळणे हाच म्हणावयाचा?

आबाजी : तसे म्हणू नकोस, आणि म्हणावयाचे असेल तर आधी कारंज्याला जाऊन ये. आपल्या जिल्ह्यातील कारंजा हे भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मगुरूंच्या, पीठांचे जुने स्थान. बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या जैन परंपरांच्या तेथील मंदिरांतून हस्तलिखितांची भांडारे पिढ्यान्‌पिढ्या जतन झाली. त्या पोथ्यांनी कोणाच्या शेताची हद्द ठरणार नव्हती की कोणाचे वतन सुटणार नव्हते. तरीही त्या वेष्टनांत बांधून ठेवल्या गेल्या. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या ग्रंथांची नोंद आली, आणि विद्वानांचे लक्ष या गावाकडे वळले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकविणारे डॉ. हिरालाल जैन यांच्या परिश्रमाने कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’, १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’, १९३४ मध्ये मुनी कनकामराचे ‘करकंडचरिउ’ असे एकेक अपभ्रंश काव्य छापून बाहेर आले.

वसंत : अपभ्रंश म्हणजे बिघडलेली भाषा ना?

आबाजी : नावावरून तसा समज होतो खरा, पण तो टाकून दे. प्राकृत आणि आपल्या मराठी-गुजराती-हिंदी यांच्या मधला जो दीर्घ काळ, त्यातील ही समृद्ध काव्यभाषा. पुष्पदंत हा दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेडला, राहून लिहिणारा महाकवी. आणि ‘करकंडचरिउ’मध्ये तर तेरापूरजवळच्या लेण्यांचे जे वर्णन आहे, ते धाराशिवच्या लेण्यांचे, असे संपादकांनी दाखवून दिले. ही भाषा वाचता आली नसती तर आपल्या मराठीच्या पूर्वेतिहासातील एक मोठा दुवा अंधारात राहिला असता. तो राहिला नाही, याचे श्रेय ज्यांना त्या पोथ्यांतून कवडीचा लाभ नव्हता अशा रक्षकांना आहे, आणि माझ्या मते कोणत्याही खरेदीखताहून तो कागद मोलाचा आहे.

वसंत : आमच्याही माळ्यावर मोडीतले एक बाड आहे. वडील म्हणतात, जमीन केव्हाच विकली, आता त्याचा काय उपयोग?

आबाजी : जमीन गेली तरी त्यात गावचा भाव, सारा, माणसांची नावे, दुष्काळ, लग्नखर्च असे बरेच काही असू शकते. ते रद्दीत देऊ नकोस. ओल आणि वाळवी यांपासून दूर ठेव, सुटे ताव आहेत त्याच क्रमाने राहू दे, चिकटपट्टी लावू नकोस, आणि मोडी जाणणाऱ्या माणसाकडून ते एकदा वाचून घे.