सिकलसेल : रक्तातील रोग आणि समाजातील पंक्तिभेद

विदर्भातील आपल्या वस्त्यांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. हातपाय ठणकणे, डोळे पिवळे पडणे, वरचेवर ताप येणे आणि त्यापायी मुलाची शाळा बुडणे, हे अनेक घरांनी पाहिले आहे. मात्र या रोगाला एक सामाजिक इतिहासही आहे. त्याचा मोठा भाग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आलेला असला, तरी आपल्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासावा असे आम्हांस वाटते.

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्याचा निबंध प्रसिद्ध केला. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. निबंधात त्याच्या वंशाचा उल्लेख आहे, नावाचा नाही. शिक्षण पूर्ण करून तो मायदेशी परतला, दंतवैद्य म्हणून काम करू लागला आणि १९१६ साली ऐन तारुण्यात वारला.

निरोगी माणसाची तांबडी पेशी वाटोळी व लवचीक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. ती ताठर असल्याने बारीक रक्तवाहिन्यांत अडकते व असह्य वेदना होतात. हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला तर ती व्यक्ती केवळ वाहक असते, रोगी नव्हे. दोघांकडून आला तर रोग होतो. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले की, वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा दोष टिकला : आफ्रिकेत, तसाच ग्रीसमध्ये, अरबस्तानात आणि भारतातही. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली नीलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. पुढे विदर्भातील आपला समाज, गोंड, सातपुड्यातील भिल्ल व पावरा यांच्यातही तो आढळला.

म्हणजे हा रोग वंशाचा नव्हे, भूगोलाचा. अमेरिकेने मात्र तो ‘काळ्यांचा रोग’ ठरविला. एखाद्या गोऱ्या रुग्णात तो सापडला, तर त्याच्या वंशावळीत काळे रक्त कोठून शिरले याचा शोध घेतला जाई. रक्ताच्या शुद्धाशुद्धतेचा हा हव्यास आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

एकदा रोग ‘त्यांचा’ ठरला की, त्याच्यावर पैसा कोण खर्च करणार? दखल घेतली ती पीडितांनीच. ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर हे नाव आले, त्या ब्लॅक पँथर पक्षाची बंदूकधारी छायाचित्रे सर्वांना ठाऊक आहेत. त्याच पक्षाने अनेक शहरांत मोफत दवाखाने चालविले आणि १९७१ पासून वस्त्यावस्त्यांत सिकलसेलची तपासणी केली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमच्या मते त्या संघटनेचे हेच काम अधिक टिकाऊ ठरले. मे १९७२ मध्ये सिकलसेलविषयी राष्ट्रीय कायदा झाला.

परंतु त्या कायद्याच्या प्रारंभीच सुमारे २० लाख अमेरिकन या रोगाने पीडित असल्याचे म्हटले होते. वस्तुतः ती संख्या वाहकांची होती! वाहक व रोगी यांची अशी गल्लत झाल्यावर निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला जाऊ लागला. हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. उपकार म्हणून आलेली तपासणी अशा रीतीने नवा कलंक होऊन बसली.

याहून मन अस्वस्थ करणारी गोष्ट पेनिसिलीनची. या रोगाने पीडित बालके जंतुसंसर्गाने दगावत. पेनिसिलीन १९४० च्या दशकापासून उपलब्ध होते. ते रोज दिल्यास अशा बालकांतील गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे निर्णायकपणे सिद्ध झाले १९८६ साली. औषध होते, स्वस्त होते, आणि चार दशके गेली. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या राष्ट्रीय परिषदेने शिफारस केली की, तपासणी प्रत्येक नवजात बालकाची व्हावी. कारण चेहरा पाहून निवड केली की काही बालके हमखास सुटतात.

आजही पंक्तिभेद सरलेला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तातडीच्या विभागात सिकलसेलच्या रुग्णांना इतरांपेक्षा २५ टक्के अधिक काळ तिष्ठावे लागत होते. वेदनेने तळमळणाऱ्या कृष्णवर्णीयाकडे नशेसाठी औषध मागणारा म्हणून संशयाने पाहिले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. त्यांपैकी स्वस्त उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि ‘हा आदिवासींचा रोग’ असा समज रूढ झाला, तर अमेरिकेची चूक आपण मराठीत लिहू. म्हणून निवासी शाळांत तपासणी जात न विचारता प्रत्येक मुलामुलीची व्हावी, असे आमचे मत आहे. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीतून वाहक व रोगी यांतील फरक कळत नाही. त्यासाठी पुढील इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी आवश्यक असते. निकाल पालकांना एकांतात सांगावा, सूचनाफलकावर लावू नये. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारात एक असते. आपण पत्रिका पाहणे सोडले आहेच. विवाहापूर्वी रक्ताचा हा अहवाल तेवढा पाहावा. मात्र वाहक मुलीला नाकारण्यासाठी त्याचा उपयोग होऊ नये, कारण दोष मुलाकडूनही तितकाच येतो.

वसतिगृहातील गृहपालांसाठी आणखी थोडे. सिकलसेलग्रस्त मुलाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखान्यात न्यावे. थंडीत त्याला गार पाण्याने अंघोळ घालू नये. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि लघवीला वारंवार जाऊ देताना रागावू नये. त्याची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत.